मधलें बटण

घरांत सर्वांत अधिक वेळां शोधली जाणारी व सर्वांत कमी वेळां जागेवर सांपडणारी वस्तु, हा मान आमच्या घरीं पूर्वीं चष्म्याकडे होता. गेल्या दिवाळीपासून तो रिमोटाकडे गेला आहे. वीतभर लांबीच्या ह्या काळ्या कांडीवर एका सेवानिवृत्त संस्कृत शिक्षकानें मासिकाचीं पानें खर्चीं घालावीं, हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. वाटूं द्या. ह्या कांडीनें आमच्या घरांत महिनाभर जें कांहीं केलें, किंवा अधिक खरें म्हणजे तिच्या निमित्तानें आम्हीं जें केलें, तें सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

आम्ही चिंचवडगांवांत राहतों. मोरया गोसावींचें समाधिमंदिर आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, आणि पावसाळ्यांत पवनेचें पाणी देवळांत शिरलें कीं ती वार्ता आम्हांस वर्तमानपत्राच्या आधीं कळते. चिरंजीव चाकणच्या औद्योगिक वसाहतींत मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यांत गुणवत्ता-तपासणीच्या खात्यांत आहेत. सूनबाई हिंजवडीस जातात. दिवसभर घरांत आम्ही दोघेंच.

गेल्या वर्षीं भाद्रपदांत, गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं, आमच्या कुटुंबास अर्धांगाचा झटका आला. अशा झटक्यावर रक्ताची गांठ विरघळविणारें जें औषध आहे तें साधारणतः साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. तें वेळेवर मिळालें म्हणून वाचा राहिली, चालणेंही पुष्कळसें परत आलें. मागें राहिला तो उजवा हात. त्यासाठीं रबराचा चेंडू दाबणें, वाटींतील हरभरे एकेक करून दुसऱ्या वाटींत टाकणें, कणकेचा गोळा मळणें असे व्यायाम तिला नेमून दिले होते. रोज संध्याकाळीं कोमट नारायण तेलानें तिच्या हातास मालिश करण्याचें काम आमच्याकडे होतें. चौतीस वर्षें खडू धरलेल्या आमच्या हातास ह्या वयांत ही नवी विद्या आली.

दिवाळींत चिरंजीवांनीं तिच्यासाठीं तें यंत्र आणलें. दूरचित्रवाणीच्या पाठीमागच्या खांचेंत तें बोटभर यंत्र खोंवलें कीं घरच्या वायफायवरून हवा तो कार्यक्रम हव्या त्या वेळीं समोर येतो. आमच्या पिढीस ह्याचें नवल अधिक. मुंबई दूरदर्शन १९७२ सालीं २ ऑक्टोबरला सुरू झालें. पुढें कांहीं वर्षांनीं आमच्या घरीं जो कृष्णधवल संच आला, त्याचें वाहिनी फिरविण्याचें बोंड पहिल्याच वर्षीं तुटलें आणि नंतर कित्येक वर्षें तो दांडा आम्ही पकडीनें फिरवीत असूं. ती पकड संचावरच ठेवलेली असे. आमचा पहिला रिमोट तोच म्हणावयाचा.

हिनें मात्र नव्या रिमोटाचें शास्त्र चार दिवसांत आत्मसात् केलें. एक गोल कडें, त्यावर चार दिशांचे चार बाण, आणि मध्यभागीं एक वाटोळें बटण. बाणांनीं चालत जावयाचें, हवें तें चित्र आलें कीं मधलें बटण दाबावयाचें, म्हणजे दार उघडतें. सकाळीं कीर्तन, दुपारीं 'सौभद्र' किंवा 'मानापमान' ह्यांचा एखादा प्रयोग, आणि मधूनच सुरळीच्या वड्या कोणी कशा करतें तें पाहून त्यांतील चुका काढणें, असा तिचा क्रम बसला. परावलंबी झालेल्या माणसास एक तरी गोष्ट दुसऱ्यास हांक न मारतां करतां यावी, ह्याचें मोल काय असतें तें आम्हांस तेव्हां कळलें.

माघांत मधलें बटण रुसलें. ती दाबी, कांहीं होत नसे. पुन्हां दाबी, तरी नाहीं. संध्याकाळीं चिरंजीव आले, त्यांनीं एकदां दाबलें आणि कीर्तनकार बुवा पडद्यावर उभे राहिले. "आई, जरा जोरानं दाब ना," असें म्हणून ते हात-पाय धुवावयास गेले. दुसऱ्या दिवशीं तेंच. आम्हीं दाबलें तर दोन-तीनदां दाबून चाले, चिरंजीवांनीं दाबलें तर एकदांत चाले, हिनें दाबलें तर मुळींच चालत नसे.

आतां जें प्रथम करावयाचें तें आम्हीं सर्व केलें, हें नमूद केलें पाहिजे. रिमोट तळहातावर आपटून पाहिला. त्यानंतर तो एकदां चाललाही, पण फांदीवर कावळा बसावा आणि त्याच क्षणीं ताडाचें फळ पडावें, तशांतला तो योग होता. दोन्ही सेल एकदम बदलले. (एक जुना व एक नवा सेल जोडूं नये, आणि टोंकाशीं पांढरी भुकटी जमली असेल तर ती सेलांतून पाझरलेल्या क्षाराची असते, सेल काढून लिंबाच्या रसाचा किंवा व्हिनेगरचा बोळा फिरविला व कोरडें पुसलें म्हणजे ती जाते. आमच्याकडे तसें कांहीं नव्हतें.) यंत्राची वीज काढून दोन मिनिटें थांबून पुन्हां दिली. घराचें चित्र असलेलें बटण दहा सेकंद दाबून धरून यंत्राची व रिमोटाची ओळख नव्यानें करून दिली. चिरंजीवांनीं आपल्या मोबाइलवरही रिमोट उतरवून घेतला, आणि तो झकास चालला. परंतु तो मोबाइल सकाळीं त्यांच्या खिशांतून चाकणास जाई.

मोबाइलच्या कॅमेऱ्यानें रिमोट तपासण्याची एक युक्ति आहे, तीही केली, आणि तिनें आम्हांस थोडें घोळांत टाकलें. आवाज लहान-मोठा करण्याचें बटण दाबून रिमोटाचें टोंक कॅमेऱ्यासमोर धरलें कीं डोळ्यांस न दिसणारा दिवा पडद्यावर जांभळट लुकलुकतांना दिसतो. तांबडा रंग ७०० नॅनोमीटरच्या आसपास आपल्या डोळ्यांपुरता संपतो. हा दिवा बहुधा ९४० नॅनोमीटरच्या लहरी सोडतो, आणि खोलींतील इतर प्रकाशाशीं गल्लत होऊं नये म्हणून सेकंदास सुमारें ३८,००० वेळां मिचकावतो. आवाजाचें बटण दाबतांना तो दिसला. मधलें बटण दाबतांना मात्र कांहींच दिसलें नाहीं. आम्हांस वाटलें, सांपडला दोष! चिरंजीव हंसले. ह्या रिमोटास दोन जिभा आहेत, असें त्यांनीं समजाविलें. आवाजाविषयीं तो दूरचित्रवाणीशीं अदृश्य प्रकाशानें बोलतो. बाकी सर्व बटणें त्या बोटभर यंत्राशीं ब्लूटूथनें, म्हणजे सेकंदास सुमारें २४० कोटी कंपनांच्या रेडिओ-लहरींनीं बोलतात, आणि त्या कॅमेऱ्यास दिसत नाहींत. त्यांस समोर धरण्याचीही गरज नसते. पांघरुणाखालून देखील काम होतें. जगदीशचंद्र बोस ह्यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास अशाच अदृश्य लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटविली, हें आम्हीं वर्गांत कितीदां तरी सांगितलें असेल. पण त्यांची नात आमच्या उशाशीं निजते हें ठाऊक नव्हतें.

एवढें सर्व करून झाल्यावर उरला तो हिचा हात. कोणी तसें बोललें नाहीं. बोलावयास हवें होतें असें आतां वाटतें, कारण बोललों असतों तर तिनें वाद घातला असता, आणि वादांत खरें-खोटें बाहेर पडलें असतें. आम्ही बोललों नाहीं; तिनें दोनदां दाबलें कीं रिमोट तिच्या हातांतून हळूच काढून घेऊन आपण दाबावयाचें, अशी एक सभ्य रीत आम्हीं तिघांनीं पाडली. पहिल्या आठवड्यांत ती "लावून देतां का?" असें विचारी. मग विचारीनाशी झाली. दुपारीं संच बंद असे. एके दिवशीं रबराचा चेंडू आम्हांस कपाटाच्या खणांत शिवणाच्या डब्यामागें सांपडला. विचारलें तर म्हणाली, "हात जात चाललाय, त्याला चेंडू देऊन काय करायचं?" हरभऱ्यांची वाटीही कोठीच्या डब्यांत परत गेली होती.

रात्रीं ती झोंपल्यावर आम्ही व चिरंजीव हलक्या आवाजांत बोललों. दुसरा एखादा लहानसा झटका येऊन गेला असेल काय, ही शंका दोघांच्याही मनांत होती. चिरंजीवांनीं डॉक्टरांस फोन केला. त्यांनीं बोलणें, चेहरा, चाल ह्यांविषयीं विचारलें. त्यांत कांहीं फरक नाहीं असें ऐकून गुरुवारीं घेऊन या म्हणाले.

त्या मंगळवारीं चिरंजीवांची दुसरी पाळी होती. कंपनीच्या बसनें येऊन दारांत पाऊल टाकीपर्यंत रात्रीचे साडेबारा झाले. आम्ही जागेच होतों. जेवतां जेवतां ते कारखान्यांतील हकीकत सांगूं लागले. एका भागावरचा बोल्ट सैल राहून जात होता, आणि तो नेमका एका नव्या मुलाच्या पाळींत. सर्वांनीं त्या मुलास धरलें. माल घेणाऱ्या कंपनीकडे कारण लिहून पाठविलें कीं कामगाराची चूक. कागद परत आला. "बाबा, हल्ली 'ऑपरेटरची चूक' हें कारण कोणी स्वीकारत नाही," चिरंजीव म्हणाले. "पाच वेळा 'कां' विचारायचं. माणूस चुकला, तर कां चुकला? शेवटी निघालं काय, तर भाग धरून ठेवणारी खुंटी झिजली होती. जुन्या माणसाला संवयीनं तो भाग नीट दाबून बसवतां येत होता, नव्याला येत नव्हता." पांच वेळां 'कां' विचारण्याची ही चाल जपानांत साकिची टोयोडा ह्या मागकारापासून निघाली असें म्हणतात, आणि ती आतां चाकणच्या चिखलांतही रुजली आहे. आम्हीं "हं" म्हटलें, ताट उचललें, आणि दोघेही झोंपावयास गेलों. दोघांपैकीं एकाच्याही डोक्यांत उजेड पडला नाहीं.

बुधवारीं सकाळीं आम्ही ओट्याशीं बसून वर्तमानपत्र वाचीत होतों. सकाळचा चहा पौषापासून पुन्हां हीच करी. कट्, कट्, असा गॅसच्या लायटरचा आवाज झाला, आणि भडका उडाला. आम्हीं मान वर केली. लायटर तिच्या उजव्या हातांत होता. हा लायटर पेटविणें म्हणजे थोडी गोष्ट नव्हे. आंतील कमान अंगठ्यानें दाबीत न्यावी लागते, ती सुटली म्हणजे हातोडीचा ठोका स्फटिकासारख्या खड्यावर बसून ठिणगी उडते, आणि त्यास रिमोटाच्या बटणाच्या कित्येक पट जोर लागतो. हें ती रोज दोनदां करीत होती. आम्ही रोज दोनदां तेथें बसलेले होतों.

"अगं, तो रिमोट घे जरा."

"कशाला सकाळी सकाळी? चहा उतू जाईल."

"घे तर खरा. उजवा बाण दाब."

तिनें दाबला. पडद्यावरची चौकट सरकली. डावा, वरचा, खालचा. प्रत्येक बाण पहिल्या दाबास चालला. आवाजाचें बटण चाललें. मधलें चाललें नाहीं. मग आम्हीं आमच्या करंगळीनें, जितकें हलकें दाबतां येईल तितकें दाबून पाहिलें. बाण करंगळीसही चालले. मधल्यास करंगळीनें उत्तर दिलें नाहीं. हात तोच, सेल तेच, लहरी त्याच. बदललें काय, तर बटण तेवढें. आणि ती महिनाभर कीर्तनाच्या दारापर्यंत जात होती तीही ह्याच बाणांवर चालत! दार न उघडणें आम्हां सर्वांस दिसलें, चालत जाणें कोणासही दिसलें नाहीं.

लाज वाटली ती एवढ्याचसाठीं नव्हे. आमचें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपाशीं थांबलें, पण अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह आम्हीं पाठशाळेंत गुरुजींसमोर मांडी घालून म्हटलेला आहे. उपाधि शिकवितांना त्यांत जें उदाहरण येतें, तें न्यायशास्त्राच्या पहिल्या पायरीवरचें आहे. डोंगरावर अग्नि आहे, एवढ्यावरून तेथें धूर असलाच पाहिजे असें म्हणतां येत नाहीं. कारण धूर नुसत्या अग्नीमुळें निघत नाहीं, ओलें सरपण असेल तर निघतो. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि आहे, धूर नाहीं. हात अशक्त, म्हणून बटण चालत नाहीं, ह्या आमच्या अनुमानांतलें ओलें सरपण कोणतें, हें आम्हीं विचारलेंच नाहीं. दुसऱ्यांच्या मुलांस हा पाठ शिकवितांना आम्ही फार कडक होतों.

अमेरिकेंतील झेनिथ कंपनीनें १९५५ सालीं यूजीन पॉली ह्यांचा प्रकाशझोताचा रिमोट बाजारांत आणला. त्याच्या संचावर उन्हाची तिरीप पडली तरी वाहिनी आपोआप बदले. पुढच्याच वर्षीं रॉबर्ट ॲडलर ह्यांचा निघाला. त्यांत सेल नव्हतेच. बटण दाबलें कीं हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर पडे आणि मनुष्याच्या कानास न ऐकूं येणारा नाद निघे. सेल टाळण्याचें कारण विक्रेत्यांनीं दिलें होतें: सेल संपला तर गिऱ्हाईक त्यास दोष देणार नाहीं, संचच बिघडला असें समजेल. त्या विक्रेत्यांस माणसाची पारख आमच्याहून बरी होती.

चहा झाल्यावर आम्हीं पिंपरी कॅम्पाची वाट धरली. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनीं जी वसाहत येथें वसविली तिची आतां मोठी बाजारपेठ झाली आहे, आणि मोबाइल व तत्सम वस्तूंचीं दुकानें तेथें पावलोपावलीं आहेत. दुकानांतील तरुणानें रिमोट हातांत घेऊन मधलें बटण दोनदां दाबलें. "काका, नवीनच घ्या. उघडत बसणं आम्हाला परवडत नाही." आम्हीं म्हटलें, आम्हांस परवडतें, आम्ही सेवानिवृत्त आहों. तेव्हां त्यानें मोबाइल साफ करावयाच्या स्पिरिटाची (आयसोप्रोपिल अल्कोहोल असें बाटलीवर लिहिलें होतें) लहान बाटली दिली, आणि सेल आधीं काढा, कडेच्या फटींतून जुनें प्लास्टिकचें कार्ड सरकवा, स्क्रू-ड्रायव्हर खुपसूं नका, असें सांगितलें. बाटलीचे पैसे घेतले, सल्ल्याचे घेतले नाहींत.

घरीं येऊन जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलें. ही समोर बसली. कार्ड फिरवितां फिरवितां कांडी शिंपल्याप्रमाणें उकलली. आंत एक हिरवी पट्टी व तिच्यावर रबराची पातळ चटई. प्रत्येक बटणाच्या पोटाशीं कोळशासारखा एक काळा ठिपका असतो. त्याखालीं पट्टीवर दोन फण्यांचे दांत एकमेकांत अडकवावे पण शिवूं देऊं नयेत अशी तांब्याची नक्षी असते. बटण दाबलें कीं ठिपका दोन्ही फण्यांस जोडतो, वीज वाहते, आणि रिमोट समजतो कीं आपल्यास हांक मारली. मधल्या बटणाखालीं ठिपका व नक्षी ह्यांच्यामध्यें पिवळसर, चिकट, चकाकणारा थर होता. फार जोरानें दाबलें तर तो बाजूस सरके आणि जोड होई. हलकें दाबलें तर नाहीं.

आम्हीं वास घेतला. ओळखावयास क्षणही लागला नाहीं. हिनें हात पुढें केला, तिनेंही घेतला, आणि आमच्याकडे पाहिलें.

नारायण तेल. मालिश संपली कीं ती म्हणे, "लावा आतां कीर्तन," आणि आम्ही पंचाला हात पुसल्यासारखे करून मधलें बटण दाबीत असूं. कार्तिकापासून माघापर्यंत, दररोज संध्याकाळीं. बाण ती स्वतः डाव्या हातानें दाबून ठेवी. शेवटच्या दाबाचा मान तिनें प्रेमानें आम्हांस दिलेला असे.

स्पिरिटांत भिजविलेल्या कापसानें पट्टीवरची नक्षी पुसली, रबराची चटई साबणाच्या पाण्यांत धुऊन सुकविली, काळे ठिपके खरवडले नाहींत, फक्त टिपले. अर्धा तास पंख्याखालीं ठेवलें. हा अर्धा तास कोणी फारसें बोललें नाहीं. मग दोन्ही शिंपा मिटून सेल घातले आणि रिमोट तिच्या उजव्या हातांत दिला. तिनें बाण दाबीत हवें तें चित्र काढलें, अंगठा मध्यावर आणला, किंचित् थांबली, आणि टेकविला. नुसता टेकविला. बुवांनीं झांज वाजविली.

आमची कांहीं बोलण्याची तयारी चालली होती. "ह्यापुढं तेल लावून झालं की आधी साबणानं हात धुवा," ती म्हणाली, "आणि त्या खणातला चेंडू द्या इकडं."

चिरंजीव रात्रीं आले तेव्हां त्यांस सर्व निवेदन केलें. ते घास हातांत धरून बराच वेळ तसेच बसले, मग आईच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन, ती निजलेली पाहून, परत आले.

गुरुवारची डॉक्टरांची वेळ मात्र आम्हीं मोडली नाहीं. त्यांच्याकडे मूठ आवळून जोर मोजण्याचें एक यंत्र आहे. पौषांत त्याचा कांटा अकरा किलोवर गेला होता, ह्या वेळीं बारावर गेला. "वाढ आहे, पण याहून जास्त हवी होती," डॉक्टर म्हणाले. "चेंडूचा व्यायाम रोज चालू आहे ना?" ह्यावर ती खुर्चींत सांवरून बसली आणि म्हणाली, "मध्यंतरी बंद होता, त्याचं काय झालं ते पहिल्यापासून सांगते." आम्हीं बाहेर काढलेल्या चपला जागेवर आहेत कीं नाहींत तें पाहून यावें असें ठरविलें, आणि दार हलकेंच ओढून घेतलें.